दोन डोक्यांच्या वासराचा माग

१

रामाकोन्याचं दोन डोक्यांचं वासरू नाहीसं झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा शांताबाई अजायबघराच्या दारात तिकिटावरून भांडत होत्या.

शांताबाई म्हणजे सौंसरच्या कन्याशाळेच्या रिटायर झालेल्या मोठ्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा संशय आहे, असं लोक म्हणत. भाजीवालीनं चांगलं वांगं दिलं तरी, "आज काहून इतकं चांगलं देऊन राहिली?" म्हणून त्या ते उलटंपालटं करून पाहत. अशा बाईनं अजायबघराचं तिकीट काढलं, हीच खरं तर गावात पहिली नवलाची गोष्ट होती.

अजायबघर होतं सौंसरातल्याच एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात. जवळच्या रामाकोना गावच्या पुंडलिकरावांनी ते थाटलं होतं. तिकीट सिनेमाच्या बाल्कनीएवढं आणि माल बघावा तर असा. राक्षसाचा जोडा म्हणून जे ठेवलं होतं, त्याची शिवण शांताबाईंनी ओळखली. स्टेशनाजवळच्या मोच्याचाच हात. जलपरी म्हणजे वर माकड, खाली मासा आणि मधे सुतळी. तांदळाच्या दाण्यावर सगळी गीता लिहिली होती म्हणे, पण ती वाचायचं भिंग फुटलेलं.

खरं होतं ते एकच, वासरू. पुंडलिकरावांच्या घरच्या गाईच्या पोटचं. जन्मलं, थोडं जगलं आणि गेलं, मग नागपूरहून पेंढा भरून आणलेलं. दोन डोकी, चार डोळे, आणि गळ्यात लाल काठाच्या चिंध्या गुंफून वळलेलं दावं. त्या दाव्याचं दुसरं टोक चौथऱ्यावरच्या खुंट्याला बांधलं होतं.

"मेलेल्या वासराले दावं कायले?" शांताबाईंनी विचारलं होतं.

"घरचं जनावर हाये, बाई," पुंडलिकराव म्हणाले होते. "बांधलेलं असलं का बरं वाटते जिवाले."

तेवढ्यात लाईट गेली. अर्धं अजायबघर पाहायचं राहिलं आणि पैसे मात्र पूर्ण गेले. ही पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई जपून ठेवलेलं तिकीट घेऊन दारात हजर झाल्या.

"बाई, या तिकिटावर दुसऱ्या डाव पाह्याले नाही जमत," चौकीदार सुखदेव काकुळतीला येऊन म्हणाला. "मालक मले बोलन."

"लाईट मी घालवली होती काय? खोल कुलूप."

सुखदेव त्यांच्याच मोहल्ल्यातला, हिरामणचा पोरगा. बाईंपुढे त्याचं आजवर कधी चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही. त्यानं कमरेची चाबी काढली, कुलूप उघडलं, लोखंडी दार ढकललं. आत उजेड गेला आणि दोघंही उंबऱ्यावरच थबकले. चौथऱ्यावर हळदीकुंकू सांडलेलं होतं, खुंटा होता, वासरू नव्हतं.

सुखदेवनं हातातल्या कुलुपाकडे पाहिलं. ते कुठंही तुटलेलं नव्हतं.

"बाई," तो पुटपुटला, "कुलूप तर मी आता तुमच्यासमोर खोललं ना?"

२

पुंडलिकराव लुना फटफटवत आले. मागोमाग ठाण्याचे हवालदार केशवराव आले. केशवरावांचं सगळं घर शांताबाईंच्या ओळखीचं, त्यांच्या दोन्ही बहिणी बाईंच्या शाळेतल्या, त्यामुळे बाईंसमोर त्यांची टोपी आपोआप काखेत जायची.

पुंडलिकराव रिकाम्या चौथऱ्यापुढे मटकन बसले. कपाळावर हात मारला, डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "केशवराव, मी कोणाचं नाव घेत नाही. घेऊही नये. पण चाब्या दोनच हायेत. एक माह्याजवळ. अन् काल दिवसभर मी रामाकोन्याले बैलाजवळ होतो. सारं गाव साक्षीले हाये."

नाव घेत नाही म्हणणाऱ्या माणसानं नजर बरोब्बर सुखदेववर नेऊन ठेवली. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. शांताबाईंना हे नवीन नव्हतं. दुसऱ्या कोणावर संशय घ्यायला कारण लागतं, सुखदेवसारख्याच्या बाबतीत नुसता मोहल्ला पुरतो.

"कुलूप शाबूत, म्हणजे काम चाबीवाल्याचं," केशवराव म्हणाले. "चाल, सुखदेव, ठाण्यात."

सुखदेवच्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते का, हे मोहल्ल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तहसिलीत चपराशी म्हणून त्याची निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून चाल-चलनाचा कागद जायचा राहिला होता. हिरामणच्या सात पिढ्यांत सरकारी नोकरीचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. त्या कागदावर 'चोरीचा संशय' एवढे दोन शब्द पडले, की खेळ खलास.

सुखदेवची बायको इंदू धावत आली होती. ती रडली नाही, भांडली नाही. बाईंचा हात धरून एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही होत्या ना तिथं. तुम्ही पाह्यलं ना?"

पाहिलं होतं. पण शांताबाई सख्ख्या भावाला संशयातून सोडणाऱ्या नव्हत्या, मग सुखदेवला कशा सोडतील? आपला आहे म्हणून तो धुतल्या तांदळासारखा, असं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"काल दुपारी गोदाम बंद करून कुठं गेलता?"

"तोरणापाशी, बाई. पोळा पाह्याले."

"असं? मंग सांग, झडत्या कोण म्हणून राहिलं होतं? कोणाची गाजली?"

पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे राहिले की एकमेकांना टोमणे मारत झडत्या म्हणतात. जो तिथं असतो त्याच्या कानात त्या दुसऱ्या दिवसापर्यंत घुमत असतात. सुखदेवनं खाली पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"तू खोटं बोलून राहिला, सुखदेव," शांताबाई म्हणाल्या.

३

दुपारी त्यांनी कवडूला गाठलं. कवडू कापसाचा शेतकरी, भाविक माणूस. रोज सकाळी तो तिकीट काढून यायचा, वासराच्या दोन्ही कपाळांना हळदीकुंकू लावायचा आणि हात जोडून परत जायचा. चौथऱ्यावरचं हळदीकुंकू त्याचंच.

"तुले ते वासरू देवळात ठेवायचं होतं म्हणतात," बाईंनी सरळ तोफ डागली.

"हाव, होतं ना," कवडू म्हणाला. "किती डाव म्हटलं पुंडलिकरावले, का देवाची वस्तू तमाशात नोको ठेवू. पन मी चोरून नेईन काय, बाई? अन् नेऊ कायच्यात? काल पोया होता. पोयाच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवाले मले का कीडे पडाचे हायेत?"

हे मात्र खरं होतं. पोळ्याला अख्ख्या तालुक्यात एक बैलबंडी जुंपलेली दिसत नाही. आणि तेवढं धूड कोणी काखोटीला मारून नेणार नाही. म्हणजे वासरू गेलं ते मोटारीतून.

"गोदामाकडे मोटार कोणाची आलती?"

कवडूनं आवाज खाली आणला. "पायली मी. तोरनाकडून येऊन राहिलो होतो. निळी मेटाडोर. त्या गुलाबसेठची, पांढुर्न्याच्या मेल्यात ज्याचा तंबू हाये त्याची. तो मांगं वासरू मांगाले आलता ना. पुंडलिकरावनं सगळ्यायसमोर त्याले झाडलं होतं. म्हने, गाईचं पोर इकू काय तमाशेवाल्याले?"

शांताबाईंनी हे मनात नीट घडी घालून ठेवलं. सगळ्यांसमोर झाडलं होतं. माणूस चार लोकांत इतका मोठ्यानं नाही कधी म्हणतो, हा प्रश्न त्यांना तेव्हाच चावला.

घरी येतात तर ओट्यावर इंदू बसलेली. मांडीवर कापडी पिशवी. तिनं ती बाईंपुढे उलटी केली. खाकी शर्ट, खाकी पँट, कोरे करकरीत.

"काल हे आनाले गेलते लोधीखेड्याले, दर्जीकडे," इंदू म्हणाली. "नोकरीची ऑर्डर यायच्या आंधीच शिवून घेतले. लोक हसतीन म्हणून कोणाले सांगतलं नाही. मलेही आज सांगतलं, ठाण्याच्या खिडकीतून."

शांताबाईंनी त्या शर्टाच्या कॉलरवरून हात फिरवला. पोरानं चोरी लपवली नव्हती, हौस लपवली होती. त्यांना हसू आलं.

पण ही हौस ठाण्यात चालणारा पुरावा नव्हती. लोधीखेड्याचा दर्जी फार तर दुपारची साक्ष देईल. संध्याकाळी सुखदेव घरी परत आला होता आणि चाबी त्याच्याच कमरेला होती. उलट ऑर्डर येण्याआधी खाकी शिवणारा माणूस पोलिसांना आणखीच वाकडा दिसेल.

"हे पिशवीत टाक," त्या इंदूला म्हणाल्या. "अन् कोणाले दाखवू नको. मी उद्या पांढुर्ण्याले जातो."

४

पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक, आदल्याच दिवशी होऊन गेलेली होती. जाम नदीच्या दोन्ही काठांना दगडांचा खच पडला होता आणि दवाखान्यापुढे डोकी बांधलेली माणसं चहा पीत बसली होती. जत्रेचा मेळा अजून उठला नव्हता. केशवराव बंदोबस्ताला आलेच होते. शांताबाईंनी त्यांना पानाच्या टपरीवरून उठवलं.

"चाला, तमाशा पाहू. तिकीट तुमचं तुम्ही काढा."

गुलाबसेठ तुळतुळीत भांग पाडलेला, बोटांत अंगठ्या घातलेला माणूस. हवालदार दिसताच त्याची भांग पाडलेली टाळू घामानं चमकली. मागचा पडदा शांताबाईंनीच ओढला. वासरू तिथंच उभं होतं, चारही डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत.

"साहेब, मी चोरलं नाही, खरेदी केलं," गुलाबसेठ हात जोडून म्हणाला. "तो चौकीदार आला होता ना, क्या नाम, सुखदेव. बोला, मालकानं भेजा है. पोळ्याच्या शामला गोदामावर बोलावलं, चाबी लावली, माल दिला. मले काय मालूम चोरीचा है करके?"

केशवरावांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत कीवही होती. "बाई, झालं मंग. आता माह्या हातात काही राह्यलं नाही."

शांताबाई वासराकडे वळल्या. इंदूला काय सांगायचं? त्यांनी उगीच वासराच्या मानेवरून हात फिरवला, आणि हात जागच्या जागी थांबला. मानेभोवती केस घासून गोल पट्टा पडला होता. पट्टा होता, दावं नव्हतं.

"सेठ, याचं दावं कुठं हाये?"

"दावं? रस्सी?" गुलाबसेठला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही, म्हणून तो पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला. "रस्सी त्यानं काढून घेतली. मी बोललो, रहने दो, लाल-लाल है, खेळात चांगली दिसते. पन ऐकेच ना. बोलला, जनावर ने, दावं देत नसतो. आधी नमस्कार केला, गळ्यातून सोडली, खांद्यावर टाकली, और चल दिया."

शांताबाईंनी डोळे मिटले.

"केशवराव," त्या म्हणाल्या, "याले इथंच कोणाच्या तरी नजरेखाली ठेवा. अन् तुम्ही माह्यासंग चाला. आपल्याले रामाकोन्याची गाडी पकडाची हाये."

"रामाकोन्याले? कायले?"

"काखेत कळसा पाह्याले."

५

सौंसरपर्यंत बस आणि पुढं छोट्या लाईनची गाडी. वाटभर केशवराव विचारत राहिले आणि बाई खिडकीबाहेर संत्र्याच्या झाडांकडे पाहत राहिल्या.

पुंडलिकराव घरीच होते. वासराच्या दुःखानं अंथरूण धरलंय म्हणे. त्यांची बायको प्रेमलता मात्र खरोखरच खंगलेली दिसली. हिनंच त्या वासराला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं, दोन्ही तोंडांना आळीपाळीनं. घरात मूलबाळ नव्हतं. त्या वासराला जमिनीत पुरू द्यायला ती तयार नव्हती, म्हणून तर पेंढा भरून आणलं. शांताबाईंना हे सगळं ऐकून ठाऊक होतं.

"प्रेमलताबाई, मले जरा तुमचा गोठा दाखवता काय?"

गोठ्यात दोन गाई रवंथ करीत होत्या. मागच्या भिंतीत एक मोठा खिळा होता आणि त्याला जुनी दावी लटकलेली.

"हे कायचे दावे?" बाईंनी विचारलं, जसं काही ठाऊकच नाही.

"विकलेल्या जनावरायचे," प्रेमलता म्हणाली. "जनावर देतो, पण दावं देत नाही ना आपण. दाव्यासंग घरची लक्ष्मी जाते. सासऱ्याच्या काळापासून ठेवून राहिले सगळे..."

ती बोलता बोलता थांबली. खिळ्यावर सगळ्यांत वर, जुन्या काळपट दाव्यांवर, लाल काठाचं दावं होतं. त्याला ताजं हळदीकुंकू लावलेलं होतं. प्रेमलतानं हात पुढे केला आणि लावला नाही.

"हा माह्या डोहाळजेवणाच्या लुगड्याचा काठ हाये," ती म्हणाली. "मीच वळलं होतं."

पुंडलिकराव दारात येऊन उभे होते. केशवरावांना पाहून त्यांचा चेहरा उतरला, खिळ्याकडे पाहून पार राख झाला.

"केशवराव, ऐका," शांताबाई वर्गात उभ्या राहत तशा ताठ उभ्या राहिल्या. "चोर कोणताही असो, हाती लागलं ते घेऊन पळते. तो गळ्यातलं दावं सोडत बसत नाही. सुखदेवनं विकलं असतं तर त्याले दाव्याशी काय घेणंदेणं? त्याच्या घरी ना गाय, ना गोठा, ना हा खिळा. दावं ठेवून कोण घेते? ज्याचं जनावर असते तो. हे चोरीले गेलेलं वासरू नाही. हे धन्यानं विकलेलं वासरू हाये."

"तुम्हाले काय माहीत आमच्या रीती," पुंडलिकराव तडकले.

"माह्या बापानं तुमच्यासारख्यायच्याच गोठ्यात सालगडी म्हणून सालं काढली, पुंडलिकराव. जनावर विकलं का दावं खिळ्याले लावाचं काम त्याचंच होतं. मी नाही मानत त्यात लक्ष्मी असते म्हणून. पण तुम्ही मानता. पेंढा भरलेल्या वासराचंही दावं तुमच्या हातानं देववलं नाही, म्हणूनच सापडले."

पुंडलिकराव गोठ्याच्या खांबाला टेकले. मग एकेक बाहेर आलं. अजायबघर चालत नव्हतं. लोक एकदा येत, शिव्या देत जात, दुसऱ्यांदा येत नसत. गुलाबसेठनं मागितलं तेव्हा चार लोकांत नाही म्हणावं लागलं, नाहीतर गावानं वाळीत टाकलं असतं. पोळ्याच्या दिवशी बैल तोरणातून परत आणले आणि तसेच ते लुनावर सौंसरला गेले. आपल्या चाबीनं गोदाम उघडलं, आणि कोणी विचारलंच तर सुखदेवचं नाव सांग, असं गुलाबसेठला बजावलं.

"तुले सांगतलं असतं तर तू देऊ दिलं असतं काय?" ते बायकोला म्हणाले.

"अन् सुखदेव?" प्रेमलतानं विचारलं. "त्याचं नाव काहून लावलं?"

"कोणाचं तरी नाव येणारच होतं," पुंडलिकराव म्हणाले. "त्याचं आलं तर लोक पुन्हा विचारत नाहीत."

प्रेमलतानं खिळ्यावरचं लाल दावं काढलं आणि केशवरावांपुढे धरलं.

"घेऊन जा, भाऊ. वासरासंगच राहू द्या."

"दावं नको देऊ," पुंडलिकराव घाबऱ्या घाबऱ्या पुढे आले. हवालदार दिसला तेव्हा ते इतके घाबरले नव्हते. "प्रेमलता, दावं नको देऊ घरातून. लक्ष्मी जाईन."

"ते तर परवाच गेली," ती म्हणाली, आणि दावं केशवरावांच्या हातात ठेवून घरात निघून गेली.

वासरू काही दिवस ठाण्याच्या ओसरीत उभं होतं. अख्ख्या सौंसरनं ते फुकट पाहून घेतलं. मग प्रेमलता येऊन ते घेऊन गेली. संत्र्याच्या बागेत पुरायचं ठरलं. खड्डा खणायला पुंडलिकरावांना मोहगावपर्यंत कोणी माणूस मिळाला नाही. सुखदेवलाही निरोप आला होता.

"तू जाऊ नको," शांताबाई म्हणाल्या.

"मी जाणारही नव्हतो, बाई," सुखदेव म्हणाला.

शेवटी पुंडलिकरावांनी स्वतःच फावडं घेतलं. प्रेमलता काठावर उभी होती. वासराच्या गळ्यात दावं होतं.

चाल-चलनाचा कागद केशवरावांनी शांताबाईंसमोर बसून लिहिला. बाईंनी तो वाचून घेतला, एक चूक सुधारायला लावली आणि मगच सही करू दिली. पुढं एक दिवस सकाळी खाकी कपड्यांत सुखदेव त्यांच्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. मागं इंदू पदर तोंडावर धरून हसत होती.

"बाई, नमस्कार कराले आलो," तो म्हणाला. "अन् एक विचारू? त्या तिकिटाचे पैसे वसूल झाले काय?"

शांताबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळे भरून आले होते, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वासराचे झाले. बाकीच्या मालाचे अजून राह्यले," त्या म्हणाल्या. मग त्याची डावी बाही धरून ओढली, उजवीशी लावून पाहिली. "अन् हे बाही आखूड काहून हाये? त्या दर्जीनं कापड खाल्लं तुह्यं. चाल, आता लोधीखेड्याले जाऊ."